वर्गशिक्षकीचं पहिलं वर्ष आणि रजिस्टरमधला ‘नऊ’

दहावी ‘ब’ची वर्गशिक्षकी माझ्या गळ्यात पडली ते नोकरीचं तिसरं वर्ष होतं. धास्ती होती ती शिकवण्याची. निकाल आणि रेकॉर्ड म्हणजे गुण चढवायचे, बेरीज मारायची, सही ठोकायची, असा माझा समज. आता एखादी नवीन बाई किंवा सर तसं बोलले की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहितेय.

राज्य मंडळाच्या शाळेतली गुणदानाची ढोबळ रचना तुम्हाला ठाऊकच असेल. २०१० पासून आठवीपर्यंत आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन, ९१ पासून पुढे अ-१ श्रेणी, ३३ च्या खाली इ. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांना पुनर्परीक्षा. नववीपासून ३५ ची रेघ. दहावीला सहा विषय, प्रत्येकी ८० लेखी आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत. टक्केवारी मात्र सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांची, ५०० पैकी. हे पालकसभेत दर वर्षी सांगावं लागतं, कारण घरी सगळे सहाशेला भागून बसलेले असतात.

निकालाच्या दिवसांत कुठून तरी एक ‘तयार एक्सेल’ व्हॉट्सॲपवर फिरत येतं. नुसते गुण भरा आणि निकालपत्रक छापा. मला त्या फायलींचा मनापासून राग आहे. नववीच्या एका गैरहजर मुलाचा रकाना मी मोकळा सोडला, तर फाइलनं तो पेपर हिशोबातूनच उडवला, उरलेल्यांची सरासरी काढली आणि पोरगं वर्गात तिसरं आलं! शून्य म्हणजे पेपर लिहिला पण गुण पडले नाहीत. गैरहजर म्हणजे बसलाच नाही. मोकळा रकाना म्हणजे बाई झोपल्या होत्या. पहिली दोन वर्षं तरी बेरीज हातानं करून बघा, मग खुशाल एक्सेल वापरा.

अंतर्गत गुणांबद्दल ज्येष्ठ मंडळी सांगतात, “सगळ्यांना अठरा टाक, कटकट नको.” २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे वीस गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला आणि पुढच्या वर्षी वीस गुण परत आले. अभ्यासक्रम नवा होता हे धरलं तरी या विसांवर किती मुलं तरतात ते दिसतंच. मीही सढळ हातानं देते, लपवत नाही. पण वही बघून, तोंडी घेऊन, तारीख टाकून देते. उद्या कुणी नोंद मागितली तर पुढे ठेवायला कागद हवा.

आता मी जिथे आपटले ते सांगते.

दहावीचे अर्ज ऑनलाइन भरून झाले की प्रीलिस्ट येते, म्हणजे अर्जांतल्या माहितीची तपासायची यादी. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, सगळं एका ओळीत. ती तपासायची, मुलांच्या आणि पालकांच्या सह्या घ्यायच्या. मी तपासली. हजेरीपट शेजारी ठेवून, ओळ न् ओळ. सगळं जुळलं. बाजूला बसलेले एक सर म्हणाले, “अर्ज हजेरीपटावरूनच भरलेत ना, जुळणारच की.” ते कौतुकानं बोलले आणि मी खूश झाले. एका नकलेशी दुसरी नक्कल ताडून बघत होते, एवढं साधं तेव्हा डोक्यात आलं नाही.

निकालानंतर एक मुलगी दाखला न्यायला वडिलांबरोबर आली. लिपिक बाईंनी नेहमीप्रमाणे जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेच्या प्रवेशांची मूळ नोंदवही, उघडून दाखला लिहिला. जन्मतारीख ९ सप्टेंबर. मंडळाच्या प्रमाणपत्रावर १ सप्टेंबर. बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी कुणीतरी निळ्या शाईत काढलेला देवनागरी ‘९’, त्याचा बाक इतका तोकडा की कुणीही १ च वाचावा. आणि शेजारच्या ‘अक्षरी’ रकान्यात ठसठशीत: नऊ सप्टेंबर दोन हजार सात. पाचवीच्या हजेरीपटात तो ‘१’ म्हणून उतरला. सहावीच्या शिक्षकांनी पाचवीवरून घेतला, सातवीच्या सहावीवरून, आणि मी नववीवरून. सहा वर्षांत सहा जण, पण अक्षरी रकान्याकडे एकानंही पाहिलं नाही. तो रकाना शोभेला नसतो. आकड्याबद्दल शंका आली तर निकाल तोच देतो.

वडील चिडतील असं वाटलं होतं. प्रीलिस्टवरची स्वतःची सही बघून ते म्हणाले, “मॅडम, मी पण केलीच होती की सही.” ते जास्त लागलं.

एका सहकाऱ्यांनी हळूच सुचवलं, “रजिस्टरातच बारीकसा फरक करून टाका, कोण बघतंय?” असला सल्ला देणारा माणूस कितीही प्रेमळ असो, चार हात लांब राहा. जनरल रजिस्टर कायम जतन करायचं असतं. जात पडताळणीसाठी लोक आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला येतात, तेव्हा एक खाडाखोड अख्ख्या पानावर संशय आणते. तिथे व्हाइटनर तर स्वप्नातही नको.

मग रीतसर रस्ता धरला. शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र, रजिस्टरचा साक्षांकित उतारा, आधीच्या शाळेचा दाखला, मूळ प्रमाणपत्र आणि शुल्क. दोन खेपा मी स्वतः घातल्या. काउंटरवरच्या बाईंनी उतारा बघितला, अक्षरी रकान्यावर पेन्सिलीनं टिक केली आणि अर्ज ठेवून घेतला. दुरुस्त प्रमाणपत्र आलं. तेव्हा घाबरू नका, मूळ नोंद बरोबर असली की पुढचे कागद सुधारता येतात. वेळ जातो, बोलणी बसतात, पण सुधारतात.

मूळ नोंदच चुकलेली असेल तर मात्र गाठ वेगळी. मूल पटावर असेपर्यंत पुराव्यांसह प्रस्ताव करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं बदल करता येतो. दाखला हातात पडून मूल बाहेर गेलं की तेच काम डोंगराएवढं होतं. म्हणून ही तपासणी नववीत करा, जून-जुलैमध्ये, दहावीच्या अर्जांची वाट न बघता. रजिस्टरच्या पानाचा फोटो पालकांना दाखवा. ‘नाव बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, सगळे मान हलवतात. घरचा जन्मदाखला आणायला सांगा.

आणि मार्गदर्शक शोधायचा तर स्टाफरूममध्ये नको, ऑफिसात शोधा. निकालाच्या नियमांवर तासभर बोलणारे सर मला पुष्कळ भेटले, पण कुठला कागद कशावरून लिहायचा हे लिपिक बाईंनी दहा मिनिटांत शिकवलं. मी आधी विचारलं नव्हतं, कारण शिक्षिकेनं लिपिकाला काय विचारायचं, असा एक फालतू ताठा होता.

पुढच्या वर्षी प्रीलिस्ट आली तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढली. त्या रजिस्टरमधला अक्षरी रकाना मोठ्यानं वाचायच्या, मी प्रीलिस्टवर बोट ठेवून टिक करायची. बासष्ट मुलं, दोन दुपारी. एकाच्या आईचं नाव चुकलेलं निघालं, एकाचा जन्ममहिना. दुसऱ्या दिवशी हेडसर दारातून डोकावले, “अजून चाललंय का?”

चाललं होतं. एकोणपन्नासावं नाव होतं.