बर्फाळ प्रदेशात परसातल्या कोंबड्या

कॅनडात किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात परसात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की पहिला प्रश्न येतो: खुराड्यात हीटर कुठला लावायचा? कुठलाच नको. पिसं फुगवून दांडीवर बसलेली धडधाकट कोंबडी उणे १५ अंशही सोसते. तिला सोसत नाही तो दमटपणा. रात्रभरच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडली की ओल तुऱ्यावर बसते, तुरा गोठतो आणि टोकं काळी पडतात. शिवाय उष्णतेचा दिवा भुशावर पडून खुराडी जळतात, ते वेगळंच.

म्हणून छपरालगत, दांडीच्या बऱ्याच वर, समोरासमोर झरोके ठेवा. वारा कोंबड्यांच्या अंगावर येता कामा नये. झरोक्यांना अर्ध्या इंचाची पक्की जाळी लावा, नाहीतर रॅकून (तिकडचा कोंबड्या मारणारा रानटी प्राणी) आत शिरतो. पहाटे खिडकीच्या काचेवर आतून दव किंवा बर्फ दिसला, दार उघडताच नाकाला अमोनिया झोंबला, तर झरोके कमी पडताहेत. थंडी वाढली म्हणून ते बुजवू नका. नेमकी तिथेच बहुतेकांची चूक होते.

दर कोंबडीला आत ४ चौरस फूट जागा आणि दांडीवर ८ ते १० इंच. दांडी दोन बाय चार इंची लाकडाची, रुंद बाजू वर. म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खाली कोरडा लाकडी भुसा जाड पसरा, ओला झालेला लगेच काढा.

जात लहान तुऱ्याची घ्या. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या ओका मठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली शाँतक्लेर याचसाठी तयार झाली. वायंडॉटही चांगली.

खाद्य १६ टक्के प्रथिनांचं, रोज सुमारे १२० ग्रॅम, थंडीत थोडं जास्त. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. पाणी गोठलं की खाणं आटतं, मागोमाग अंडीही. तळाशी गरम होणारं भांडं वापरा, पण ते खुराड्याबाहेर, आडोशाला ठेवा.

दिवस लहान झाला की अंडी थांबतात, थंडीमुळे नव्हे. हवी असतील तर पहाटे टायमरवर साधा बल्ब लावून एकूण उजेड १४ तासांवर न्या. संध्याकाळी नको, अचानक अंधार झाला तर त्यांना दांडी सापडत नाही. पिसं गळत असताना मात्र त्यांना विश्रांती द्या. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. गोठून तडकलेलं अंडं खायला घेऊ नका.