अणुवीज केंद्रातलं पाइपिंग: स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करताना या चुका टाळा

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पाच अणुभट्ट्या बंद ठेवण्याचे आदेश काढले: बीव्हर व्हॅली, फिट्झपॅट्रिक, मेन यांकी आणि सरीच्या दोन. कुठे पाइप फुटला नव्हता, कुठे गळती नव्हती. चूक होती भूकंपात पाइपवर किती ताण (स्ट्रेस) येईल ते काढणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये. पंधरा दिवसांनी थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचा अपघात झाला आणि हे प्रकरण मागे पडलं. पाइप स्ट्रेस करणाऱ्याने मात्र ते मुळातून समजून घ्यायला हवं, कारण तीच चूक आजही एका चुकीच्या क्लिकने होऊ शकते.

भूकंपाच्या हिशोबाच्या रिस्पॉन्स स्पेक्ट्रम पद्धतीत पाइपच्या प्रत्येक मोडचा, म्हणजे कंप पावण्याच्या प्रत्येक नैसर्गिक प्रकाराचा, फक्त कमाल प्रतिसाद मिळतो. तो कोणत्या क्षणी आला हे कळत नाही, त्यामुळे अधिक-उण्याच्या चिन्हावर विसंबता येत नाही. त्या प्रोग्रॅममध्ये वेगवेगळ्या दिशांच्या हादऱ्यांचे प्रतिसाद चिन्हासकट बेरजेत घेतले जात होते. समजा, एका एल्बोवर (पाइपच्या वळणावर) एका मोडमध्ये आडव्या हादऱ्यामुळे +१२ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर) आला आणि उभ्या हादऱ्यामुळे −९. चिन्हासकट बेरीज केली तर उरतात ३. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं, म्हणजे एसआरएसएस केलं, तर येतात १५. पाचपट फरक, आणि तोही धोक्याच्या बाजूला. बीव्हर व्हॅलीच्या पाइपिंगचं गणित नव्या प्रोग्रॅमवर केल्यावर आकडे जुळेनात, तेव्हा हे उघडकीला आलं.

म्हणून लोड कॉम्बिनेशनच्या, म्हणजे वेगवेगळे भार कसे एकत्र करायचे त्याच्या, रकान्यात काय निवडलंय ते प्रत्येक केसला डोळ्यांनी तपासा. वजन आणि थर्मल चिन्हासकट जोडायचे, पण भूकंपाचा इनर्शियाचा (पाइपच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे येणारा) भार तसा जोडायचा नाही. फ्रिक्वेन्सी एकमेकींच्या दहा टक्क्यांच्या आत असलेले मोड साध्या एसआरएसएसमध्ये टाकू नका. त्यांच्यासाठी आयोगाच्या रेग्युलेटरी गाइड १.९२ मधल्या पद्धती वापरा.

रिफायनरीची सवय

पुण्या-मुंबईत पाइप स्ट्रेस शिकलेले बरेच जण रिफायनरी आणि केमिकल प्लांटच्या कामातून येतात. तिथे प्रोसेस पाइपिंगचा बी३१.३ कोड असतो आणि भूकंप म्हणजे बहुतेक वेळा वजनाच्या ठरावीक पट आडवा स्टॅटिक भार. तारापूरसारख्या केंद्राच्या सेफ्टी पाइपिंगवर काम करताना ही सवय सोडावी लागते. अणुकेंद्रांसाठीच्या एएसएमई सेक्शन ३ कोडमध्ये क्लास १ च्या (सुरक्षेसाठी सर्वांत महत्त्वाच्या) पाइपला फटीगचा, म्हणजे वारंवार भार येऊन धातू थकण्याचा, पूर्ण हिशोब लागतो आणि क्युम्युलेटिव्ह युसेज फॅक्टर (त्या थकव्याची एकूण बेरीज) १ च्या आत ठेवावा लागतो. नेहमीच्या एसआयएफच्या (स्ट्रेस वाढवणाऱ्या गुणकाच्या) जागी बी, सी आणि के हे स्ट्रेस इंडायसेस येतात. सगळ्या प्रोग्रॅममध्ये ही सोय नसते. सीझर टू हे सॉफ्टवेअर क्लास २ आणि ३ साठी चालतं, क्लास १ साठी पाइपस्ट्रेस किंवा ऑटोपाइप न्यूक्लिअरसारखं काहीतरी घ्यावं लागतं. कोडचं वर्षसुद्धा प्रकल्पाच्या कागदपत्रांत असेल तेच निवडा. ड्रॉपडाउनमध्ये आपोआप आलेलं वर्ष तसंच ठेवू नका.

सपोर्टवर भार जवळजवळ शून्य दिसतोय?

ही चूक रिपोर्टमध्ये सहज लपते. आठ इंची, शेड्यूल ८० ची वीस मीटर सरळ लाइन घ्या, तिला अक्षाच्या दिशेने एकच सपोर्ट. पाणी आणि इन्सुलेशन धरून मीटरला साधारण १०० किलो, म्हणजे एकूण २००० किलो. अक्षाच्या दिशेने ही लाइन इतकी ताठ असते की तिची फ्रिक्वेन्सी ३३ हर्ट्‌झच्या कटऑफच्या (हिशोबाच्या वरच्या मर्यादेच्या) वर जाते आणि तो मोड हिशोबात येतच नाही. आउटपुटमध्ये त्या सपोर्टवर अर्धा किलोन्यूटनही दिसत नाही. आता हाताने करून पाहा: मजल्याचं कमाल त्वरण, म्हणजे झिरो पीरियड अ‍ॅक्सलरेशन ०.३ जी असेल, तर २००० किलोला जवळपास ६ किलोन्यूटन भार यायलाच हवा.

उपाय म्हणजे मिसिंग मास करेक्शन (मोडमधून सुटलेल्या वस्तुमानाचा भार जोडणं) चालू करणं. शिवाय प्रत्येक दिशेला किती टक्के वस्तुमान मोडमध्ये आलं ते पाहायचं. नुसता कटऑफ वाढवून भागेल असं समजू नका. ताठ लाइनला कितीही मोड काढले तरी काही वस्तुमान बाहेर राहतंच.

आकडे विचित्र आले तर

सगळ्यात आधी फक्त वजनाची केस चालवा. सपोर्टवरच्या उभ्या रिअ‍ॅक्शनची बेरीज पाइप, पाणी, इन्सुलेशन आणि व्हॉल्व्ह यांच्या एकूण वजनाइतकी आली पाहिजे. येत नसेल तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही.

थर्मल स्ट्रेस अवाच्या सवा आला तर स्नबर पाहा. स्नबर संथ थर्मल हालचालीला मोकळा असतो आणि हादऱ्यालाच धरतो. मॉडेलमध्ये तो साधा रिजिड सपोर्ट म्हणून टाकला, तर गरम पाइप जखडला जातो. पहिली फ्रिक्वेन्सी अर्ध्या हर्ट्‌झच्याही खाली आली, तर एखादी शाखा सुटी राहिली असेल किंवा स्प्रिंग हँगरचा स्टिफनेस भरायचा राहिला असेल. मोटर-ऑपरेटेड व्हॉल्व्हचं वजन पाइपच्या मध्यरेषेवर टाकण्याची चूकही नेहमीची आहे. अ‍ॅक्चुएटर (व्हॉल्व्ह चालवणारा भाग) बाजूला काढलेला असतो, तो पाइपला पीळ देतो. त्याचा गुरुत्वमध्य व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवरून घ्या.

लाइन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात असेल, तर भूकंपात होणाऱ्या दोन्ही टोकांच्या हालचाली उलट दिशेने धरून वेगळी केस करा.

ड्रॉइंग आणि जागेवरचा पाइप

त्याच १९७९ च्या जुलैत आयोगाने बुलेटिन ७९-१४ काढलं: प्रत्यक्ष बसवलेलं पाइपिंग अ‍ॅनालिसिसशी जुळतं का ते तपासा. सपोर्टची जागा, त्याची दिशा, व्हॉल्व्हचं वजन, गाइडमधली फट, सगळं त्यात आलं. बांधकामाच्या वेळी केबल ट्रे आडवा आला म्हणून सपोर्ट सरकवला जातो, आणि तो बदल स्ट्रेस इंजिनिअरपर्यंत पोचतोच असं नाही. वॉकडाउनचा, म्हणजे जागेवर फिरून तपासणीचा, आग्रह धरा. शक्य असेल तर टेप आणि आयसोमेट्रिक (पाइपचं त्रिमितीय ड्रॉइंग) घेऊन स्वतः जा.

एकच तापमान भरून मोकळं होणं

डिसेंबर १९८७ मध्ये अलाबामातल्या फार्ली केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये प्रायमरी सर्किटला (अणुभट्टीतून फिरणाऱ्या पाण्याच्या मुख्य पाइपिंगला) जोडलेल्या, आणीबाणीत पाणी सोडणाऱ्या सेफ्टी इंजेक्शन लाइनला आरपार चीर गेली. बंद व्हॉल्व्हमधून थंड पाणी झिरपत होतं. आडव्या पाइपमध्ये ते तळाशी बसायचं, वर गरम पाणी, आणि तापमान सतत वरखाली होत राहायचं. पाइप त्यातच थकला. पुढच्या वर्षी बुलेटिन ८८-०८ निघालं ते याच कारणाने.

अ‍ॅनालिसिसच्या इनपुटमध्ये अशा लाइनला एकच तापमान भरलेलं असेल, तर प्रोग्रॅम ही झीज दाखवूच शकत नाही. प्रायमरीला जोडलेली, एरवी प्रवाह नसलेली प्रत्येक शाखा पी अँड आयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) रंगवून काढा. व्हॉल्व्ह गळला तर पाणी कुठून कुठे जाईल ते प्रोसेसच्या माणसांना विचारा. वरच्या आणि खालच्या भागाच्या तापमानातला फरक वेगळी केस म्हणून घाला: पाइप वाकण्याचा परिणाम एकीकडे, भिंतीतला स्थानिक स्ट्रेस दुसरीकडे, आणि दोन्ही फटीगच्या हिशोबात.

नवं व्हर्जन आलं की

चालू प्रकल्पाच्या मध्यावर प्रोग्रॅमचं व्हर्जन बदलू नका. बदलावंच लागलं, तर आयोगाच्या न्युरेग/सीआर-१६७७ अहवालातले बेंचमार्क प्रश्न (उत्तर माहीत असलेली चाचणीची उदाहरणं) तुमच्याच मशीनवर पुन्हा सोडवा, फ्रिक्वेन्सी आणि मोमेंट जुळवून पाहा आणि ती फाइल क्वालिटीच्या नोंदींत ठेवा. विक्रेत्याकडून येणाऱ्या एरर नोटिसा कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतात. त्या वाचायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा, आणि आधी दिलेल्या कोणत्या कॅल्क्युलेशनवर त्यांचा परिणाम होतो ते त्याच आठवड्यात तपासा.