फ्लाय रॉड कसा निवडावा: पानशेतच्या काठापासून तीर्थनच्या ट्राउटपर्यंत

साध्या गळाच्या रॉडने आपण वजन फेकतो: शिसं, कणकेचा गोळा, नाहीतर चमच्यासारखं धातूचं आमिष. तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गणित उलटं आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी बहुतेक वेळा एक ग्रॅमही भरत नाही. फेकली जाते ती जाड लाइन, आणि माशी तिच्या मागून जाते. म्हणून रॉडवर लिहिलेला नंबर माशाच्या वजनाचा नसतो, लाइनच्या वजनाचा असतो. हे एकदा पक्कं झालं की खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात. आधी मासा ठरवा, मग त्याच्यासाठी केवढी माशी लागेल ते, मग ती माशी ओढून नेईल एवढी जड लाइन. रॉड सगळ्यात शेवटी.

नंबर वाचायचा कसा

रॉडच्या मुठीच्या वर ‘९०६-४’ असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ: ९ फूट ० इंच, ६ नंबरची लाइन, ४ तुकडे. काही कंपन्या लाइनचा नंबर आधी घालतात, मग तोच रॉड ‘६९०-४’ होतो. ऑनलाइन मागवताना हा घोळ हमखास होतो. दोन्ही आकडे नीट ताडून पाहा.

लाइनचा नंबर ठरतो तो तिच्या पुढच्या ३० फुटांच्या, म्हणजे ९.१४ मीटरच्या वजनावर. त्याचं माप ग्रेनमध्ये असतं आणि १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ४ नंबर १२० ग्रेन (७.८ ग्रॅम), ५ नंबर १४० (९.१ ग्रॅम), ६ नंबर १६० (१०.४ ग्रॅम), ७ नंबर १८५ (१२ ग्रॅम), ८ नंबर २१० (१३.६ ग्रॅम). या आकड्यांत थोडी सूट असते. ६ नंबरची लाइन ९.९ ते १०.९ ग्रॅममध्ये कुठेही चालते.

बाजारात मात्र ६ लिहिलेल्या कित्येक लाइनी मुद्दाम अर्धा-एक नंबर जड केलेल्या असतात, कारण जड लाइनने कडक रॉडही पटकन वाकतो आणि नवशिक्याला तो आवडून जातो. ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असेल तर टोकाचा सरळ, न निमुळता होणारा तुकडा सोडून ९.१४ मीटर मोजा, तेवढाच भाग काट्यावर गुंडाळून ठेवा आणि बाकीची लाइन हाताने उचलून धरा. १२ ग्रॅम भरली तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ती ७ नंबरची आहे. दोन रॉड दोन वेगळ्या लाइनींवर फेकून पाहिले, तर तुलना रॉडची होत नाही, लाइनींची होते. दुकानात रॉड नुसता हलवून बघण्यालाही म्हणूनच फारसा अर्थ नाही. लाइन नसलेला रॉड फक्त वजनाबद्दल आणि मुठीबद्दल सांगतो.

पुण्याच्या पाण्याला कोणता नंबर

पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर या पाण्यांत फ्लायवर येणारे मासे म्हणजे चिलापी, मरळ आणि नशीब असेल तर खडस, म्हणजे आपला दख्खनी महसीर. चिलापीला ५ नंबर भरपूर झाला. मरळ वेलींत आणि गवतात दडते. तिच्यासाठी बेडकासारखी फुगीर माशी लागते आणि गळाला लागल्याबरोबर तिला गवतातून बाहेर खेचावं लागतं, म्हणून ८ नंबर. खडशीलाही ८ घ्या. इथे प्रश्न फक्त रॉड मोडण्याचा नाही. हलक्या रॉडवर मोठा मासा वीस-वीस मिनिटं झुंजत राहतो, दमून जातो आणि सोडल्यावरही वाचेलच असं नसतं. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात तर हा धोका जास्तच, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून खडशीची पैदास करून बीज धरणांत आणि नद्यांत सोडलं जातंय. तो मासा धरून सोडायचा असेल, तर झुंज लवकर संपवणारा रॉड हातात हवा. देहू-आळंदीच्या इंद्रायणीत मात्र गळ टाकायचाच नाही. तिथल्या माशांना लोकश्रद्धेचं संरक्षण आहे.

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात किंवा काश्मीरमध्ये ट्राउटला जायचं तर ४ किंवा ५ नंबर. कोकणच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी यांच्यासाठी ८ किंवा ९, आणि रीळ, कड्या, रीळ बसवायची जागा असं सगळं खाऱ्या पाण्याला टिकणारं हवं. साध्या रॉडच्या कड्या खाऱ्या पाण्यात गंजतात आणि गंजलेली कडी लाइनचं आवरण करवतीसारखं कापते.

एकच रॉड घेणार असाल तर आमचं मत स्पष्ट आहे: ९ फूट, ६ नंबर, ४ तुकडे. ट्राउटला थोडा जड, मरळीला थोडा हलका, पण दोन्हीकडे काम होतं. ५ नंबर जगभर ‘पहिला रॉड’ म्हणून सुचवला जातो, पण तो सल्ला ट्राउटच्या ओढ्यांवरचा आहे. आपल्या धरणांवर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, आणि त्या वाऱ्यात ५ नंबरच्या लाइनवर जड माशी नीट उलगडत नाही.

पाणी कुठलंही असो, परवानगी आधी. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गावात चौकशी करून त्यांच्याशी बोला. खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग एनडीएच्या हद्दीत येतो, तिकडे फिरकू नका.

लांबी आणि काठ

मार्च ते मे धरणाचं पाणी उतरलेलं असतं. मागे उघडा, मुरमाड उतार असतो आणि लाइन मागे उलगडायला हवी तेवढी जागा मिळते. तिथे ९ फूट उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण काठोकाठ भरलेलं असतं, पाणी थेट झुडपांना टेकतं आणि मागे फेकायला जागाच उरत नाही. तेव्हा लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच लोळवत पुढे टाकावी लागते. त्याला रोल कास्ट म्हणतात, आणि त्यासाठी साडेनऊ किंवा १० फुटांचा रॉड सोपा पडतो, कारण तो जास्त लाइन उचलून धरतो. त्याचा तोटा असा की लांब रॉडचं टोक मनगटाला जड लागतं. साडेसात फुटी रॉड हिमालयातल्या अरुंद, झाडांनी झाकलेल्या ओढ्यांसाठी असतात. पुण्याच्या धरणांवर त्यांचा उपयोग नाही.

तुकडे चारच घ्या. ९ फुटी रॉडचा एकेक तुकडा साधारण ७० सेंटिमीटरचा होतो. नळीत घालून दुचाकीवर पाठीला तिरपा बांधता येतो आणि एसटीत वरच्या फळीवरही मावतो. दोन तुकड्यांचा रॉड १ मीटर ४० सेंटिमीटर लांब राहतो, आणि तो कुठल्या तरी दारात सापडून मोडतो.

घरी करायची तुलना

‘फास्ट’, ‘मीडियम’, ‘स्लो’ हे शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने वापरते. फास्ट रॉड टोकाकडे वाकतो, स्लो रॉड पार मुठीपर्यंत. एकाचा मीडियम दुसऱ्याचा फास्ट असू शकतो. यावर अमेरिकेतल्या विल्यम हॅनमन यांनी सुट्या नाण्यांनी रॉड मोजायची एक साधी रीत काढली, तिला ‘कॉमन सेंट्स’ म्हणतात. नाण्यांऐवजी पाणी वापरलं तर आपल्याकडे ती आणखी सोपी होते, कारण १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम.

रॉड जोडा, रीळ लावू नका. मूठ टेबलाच्या कडेला जाड कापडात धरून घट्ट बांधा, अशी की रॉडचं टोक जमिनीला समांतर राहील. शेजारच्या भिंतीवर टोकाच्या उंचीला पेन्सिलीने खूण करा. त्याखाली रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांशावर दुसरी खूण करा. ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, तेव्हा ही खूण ९१ सेंटिमीटर खाली येईल. टोकाच्या कडीत कागदांना लावायची मोठी यू-क्लिप अडकवून तिला छोटी प्लास्टिकची पिशवी टांगा. आता औषधाच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने पिशवीत पाणी सोडत जा. शेवटी शेवटी एकेक मिलिलिटर. टोक खालच्या खुणेवर आलं की थांबा आणि किती पाणी गेलं ते लिहून ठेवा. क्लिप आणि पिशवीचं वजन त्यात धरा. याहून खाली वाकवू नका.

हा आकडा म्हणजे रॉडची ताकद. ६ नंबर लिहिलेल्या दोन रॉडांत समजा ३० ग्रॅमचा फरक निघाला, तर ते नावापुरतेच सारखे आहेत. रॉड त्याच स्थितीत असताना मोबाइल बरोबर बाजूने, टोकाच्या उंचीला धरून फोटो काढा. फोटोत टोकाच्या शेवटच्या काही इंचांचा जमिनीशी होणारा कोन मोजा. हॅनमन यांच्या मोजणीत ६६ अंशांच्या वर फास्ट, ५९च्या खाली स्लो, आणि मधले सगळे मधले. ज्याची ताकद जास्त तो फास्ट, असा गैरसमज सर्रास असतो. ताकद आणि वाकण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मोजणीत त्या दोन वेगळ्या आकड्यांत समोर येतात.

शिकताना मध्यम, फार तर मध्यम-फास्ट घ्या. फास्ट रॉड वेळेची चूक माफ करत नाही. घाई केली की लाइनचा फास स्वतःलाच आडवा जातो आणि लीडरला, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधल्या बारीक तंगूसाला, गाठी पडतात. अशी प्रत्येक गाठ तंगूसाची ताकद निम्म्यावर आणू शकते.

मैदानावरची तुलना

स्थिर मोजणीतून एक गोष्ट कळत नाही: फेकून झाल्यावर टोक किती लवकर शांत होतं. टोक थरथरत राहिलं की लाइनमध्ये लाटा उठतात आणि तिचा जोर त्यातच जिरतो. ते मैदानावरच दिसतं. गवताचं मैदान हवं. डांबरावर किंवा काँक्रीटवर लाइनचं आवरण घासून जातं. सकाळी वारा पडलेला असताना जा.

सगळ्या रॉडांना एकच रीळ, एकच लाइन आणि ९ फुटांचा तोच लीडर. माशीच्या जागी लोकरीचा लाल गोंडा, गळ नाही. जेवणाचं ताट ६, १० आणि १५ मीटरवर ठेवा. प्रत्येक अंतरावर दहा-दहा फेका आणि ताटाच्या हातभर आत किती पडले ते मोजा. आपल्याकडच्या माशांची बरीचशी गाठ १५ मीटरच्या आतच पडते. २५ मीटर जाणारा पण ६ मीटरवर काठीसारखा ताठ राहणारा रॉड चिलापीसमोर कुचकामी ठरतो. चाळीस मिनिटांनी मनगट आणि कोपर काय म्हणतात तेही लिहा. रॉडच्या एकूण वजनापेक्षा टोकाकडचं वजन जास्त दमवतं, म्हणून ८० ग्रॅमचा रॉड ९० ग्रॅमच्या रॉडपेक्षा जड वाटू शकतो. रीळ लावून रॉड तर्जनीवर तोलून पाहा. मुठीच्या पुढच्या भागात तोल सापडला की रीळ योग्य वजनाचं.

फेकताना ‘टिक’ असा आवाज आला तर थांबा. सांधा सैल झालाय आणि पुढच्या दोन-चार फेकींत तिथेच तडा जाईल. सांध्यावर साध्या मेणबत्तीचं मेण घासलं की पकड येते. जोडल्यावर दोन तुकड्यांमध्ये थोडी फट दिसली तर तो दोष नाही, झिजेसाठी ठेवलेली जागा असते. उलट फट अजिबात उरली नसेल तर सांधा झिजलाय. जुना रॉड घेताना हे आधी पाहा. सोबत कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा, धागा अडकला तर कडीला कोर आहे.

डोक्यावरच्या तारांकडे आधी लक्ष द्या, मैदानावर आणि धरणावरही. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. मेमधल्या वळवाच्या पावसात ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हा.

पैसे कुठे घालायचे

बजेट तुटपुंजं असेल तर मधल्या दर्जाचा रॉड आणि चांगली लाइन घ्या. भारी रॉड आणि स्वस्त लाइन हा तोट्याचा सौदा. पुण्याच्या उन्हाळ्यासाठी उष्ण हवेची लाइन लागते. थंड पाण्यासाठी केलेली लाइन ३८-४० अंशांत मऊ, चिकट होते आणि कड्यांत अडकते. तीच उष्ण हवेची लाइन तीर्थनच्या बर्फगार पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी होते, तेव्हा तिकडे दुसरी न्या. ६ नंबरला साधं रीळ चालतं. ८ नंबरला मात्र ब्रेक चांगला असलेलं घ्या.

परदेशी रॉडच्या आजीवन हमीला भुलू नका. तुटलेला तुकडा पाठवायचा आणि बदली आणायचा खर्च, कस्टम आणि लागणारा वेळ आधी विचारा. टोकाचा सुटा तुकडा भारतात मिळतो का हेही विचारा, कारण बहुतेक वेळा मोडतं ते टोकच. कारणं तीच ती असतात: मासा जवळ आल्यावर रॉड उभा धरून उचलणं, शिशाचे डोळे असलेली माशी फेकताना रॉडवर आपटणं, घरातला चालू पंखा. पावसाळ्यात रॉड ओला असताना नळीत बंद केला तर व्हार्निशला फोड येतात आणि कॉर्कच्या मुठीवर बुरशी धरते. तुकडे पुसून रात्रभर उघड्यावर वाळवा, आणि नळीचं झाकण दुसऱ्या दिवशी लावा.