कुत्र्यामुळे ‘घर खाली करा’ म्हणणारे मालक: माझा अनुभव

लक्षण: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर घर, कराराची मुदत शिल्लक, आणि मालकांचा फोन: “सोसायटीत कुत्रा चालत नाही. महिनाअखेर घर खाली करा, नाहीतर कुलूप लावतो.”

विनवण्या केल्या, सेक्रेटरींना मध्ये घातलं, शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या. उपयोग शून्य, डोक्याला ताप तेवढा.

जे चाललं ते या क्रमाने. आधी नोंदणीकृत करार काढून पाळीव प्राणी, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आणि नोटीस ही कलमं वाचली. प्राण्यांवर बंदी कुठेच नव्हती. (असती तर बाजू लंगडी पडते, सोसायटीचा नियम वेगळा, मालकाशी केलेला करार वेगळा.) मग फोन बंद, फक्त ईमेल: “करारातलं कोणतं कलम मोडलं?” सोबत रेबीज लसीचं कार्ड, महापालिकेचा परवाना आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं जोडली. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. शेवटी एक ओळ: कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढलंत तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मिळवण्याचा दावा करीन. हा दावा बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

उत्तर आलं: “राहा, पण नुकसान डिपॉझिटमधून कापीन.” तेही मी ईमेलवरच मान्य केलं.

हे सगळं मुदत असेपर्यंतच. मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूने आहे, राहिलात तर करारातल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम. म्हणून नव्या करारात कुत्र्याचं कलम आधी घालून घेतलं, सही नंतर.