‘जवळच तर जायचंय’ म्हणताना होणाऱ्या या चुका टाळा

लांबच्या प्रवासाची तयारी आपण महिनाभर आधी सुरू करतो आणि जवळच्या सहलीची आदल्या रात्री. ‘तीन तासांवर तर आहे, तिथं गेल्यावर बघू’ म्हणत निघतो. माझ्या मते जवळची सुट्टी महाग पडते ती या एका वाक्यामुळे. अंतर कमी असतं, पण आयत्या वेळी घेतलेला प्रत्येक निर्णय जास्त पैसे मागतो.

एकाच रात्रीचा मुक्काम

स्वस्त पडेल म्हणून बहुतेक कुटुंबं एक रात्र राहतात. जरा हिशेब करून पाहा. दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची असते. एकवीस तास झाले. त्यातून झोप, आंघोळी आणि बॅगा भरणं वजा केलं तर हाती फार तर दहा तास उरतात. जाण्यायेण्याचा खर्च मात्र पूर्ण लागतो. दोन रात्री राहिलात तर खोलीचे पैसे दुप्पट होतील, पण प्रवासखर्च तेवढाच राहील आणि मधला एक अख्खा दिवस मिळेल. दोन रात्री झेपत नसतील तर मुक्कामच नको. पहाटे निघून रात्री घरी परतायच्या दोन वेगवेगळ्या सहली करा. लहान मुलं आपल्या अंथरुणात शांत झोपतात, हा फायदाही मोठा आहे.

फक्त जाण्यायेण्याचं इंधन धरणं

दीडशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला वीस लिटर लागतील, इथवर सगळे मोजतात. तिथलं फिरणं राहून जातं. दोन दिवसांत पाऊणशे किलोमीटर सहज होतात, म्हणजे आणखी पाच लिटर. पार्किंग, प्रवेश शुल्क आणि जादा गादीचे पैसेही असेच सुटतात. खोली ठरवतानाच विचारा: मुलांचे वेगळे पैसे लागतात का, नाश्ता धरलाय का, बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळतील? उत्तरं मेसेजवर लेखी घ्या. खोली सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, तर सामान उतरवण्याआधी तोच मेसेज दाखवून बोला.

शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जा. दर आणि गर्दी दोन्ही बहुधा कमी असतात. फक्त साप्ताहिक सुट्टी कधी असते ते फोन करून विचारा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

उन्हाचा विचार न करता आखलेला दिवस

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण इथं प्रश्न पैशांपुरता राहत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उन्हातली अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात आणि नेमकं तेव्हाच आपण मुलांना घेऊन फिरत असतो. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी सावलीत पत्ते, गोष्टी, झोप, आणि पुन्हा संध्याकाळी निघा. दमलेली मुलं रडू लागली की घाईघाईत दिसेल ते विकत घेतलं जातं, तो खर्चही यामुळे वाचतो. पाणी घरून भरून न्या.

बंद गाडीत मुलांना किंवा आजी-आजोबांना ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही बसवून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढतं. काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही.

वाटेत बिघडलंच तर

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. डोळे मोबाइलवर स्थिर असतात आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र हालचाल जाणवत असते. मोबाइल काढून घ्या, लांबवर बघायला सांगा, खिडकी उघडा आणि थोडं थांबा.

ठरवलेलं ठिकाण बंद निघालं तर? त्याच रस्त्यावरचं दुसरं एक ठिकाण घरूनच शोधून ठेवा. ते मुलांनाच निवडू द्या, म्हणजे बेत बदलला तरी ती हिरमुसत नाहीत.