पॉलिमरेजला गुरुत्वाकर्षण बदलून कसं तपासायचं, कॉलेजच्या लॅबमध्ये

पॉलिमरेज म्हणजे डीएनएची कॉपी करणारं एन्झाइम. २०१६ मध्ये स्पेस स्टेशनवर पीसीआर (पॉलिमरेज वापरून डीएनएच्या भरपूर कॉपी काढायची पद्धत) झालं, त्याच वर्षी अंतराळवीर केट रुबिन्सने तिथे डीएनए सिक्वेन्सही केला, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचली, म्हणजे पॉलिमरेज तिकडे चालतं हे पक्कं, बघायचंय ते गुरुत्वाकर्षण बदलल्यावर कॉपी करताना चुका वाढतात का. पुण्यात बसून यातलं थोडंफार करता येतं.

पॉलिमरेजपैकी क्लेनो नावाचं घ्या, पीसीआरमधलं नेहमीचं टॅक नको. टॅकला ७२ डिग्री लागतात, क्लेनो ३७ ला चालतं त्यामुळे ट्यूब फिरवणाऱ्या मोटरसकट सगळं इनक्युबेटरमध्ये मावतं. क्लेनो दोन प्रकारचं मिळतं, चुका खोडणारं आणि न खोडणारं, दोन्ही लावा, चुका दोन्हीत वाढल्या तर अक्षर निवडतानाच गडबड आहे, फक्त पहिल्यात वाढल्या तर खोडरबर ढिलं पडलंय.

गिअरवाली छोटी डीसी मोटर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळून जाईल. ट्यूब मोटरने फिरणाऱ्या आडव्या दांड्यावर बरोबर मध्यावर बांधा. याने गुरुत्वाकर्षण कमी होत नाही हां, फक्त दिशा सतत बदलते.

आता बुडबुडा. माझे सुरुवातीचे सगळे रन यानेच गेले! ट्यूबमध्ये हवा राहिली की ती फिरताना गोल गोल पळते, मिक्स ढवळून काढते, आणि जेलवर (डीएनए पट्ट्यांमध्ये वेगळा करून दाखवणारा थर) बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, जाड दिसला की आपण खूश, अरे पण तो ढवळण्याचा परिणाम असतो. म्हणून बफर (ज्यात एन्झाइम काम करतं ते द्रावण) आधी ३७ ला गरम करून घ्या, नाहीतर विरघळलेली हवा नंतर बाहेर येते, ट्यूब काठोकाठ भरा, झाकण दाबताना एक थेंब बाहेर आला पाहिजे, मग ट्यूबलाइटसमोर धरून बघा.

कंट्रोल दोन: एक स्थिर ट्यूब, आणि एक त्याच स्पीडने पण उभ्या दांड्यावर फिरणारी. हा दुसरा कंट्रोल विसरू नका, खरा तोच महत्त्वाचा, कारण एन्झाइमचा एक रेणू इतका हलका की त्याच्या वजनापेक्षा उष्णतेचे धक्के कोट्यवधी पटींनी मोठे, त्यामुळे फरक दिसला तर आधी ढवळणं आणि तापमान यांच्यावर संशय घ्या.

जास्त गुरुत्वाकर्षण हवं असेल तर उभ्या दांड्याभोवती १० सेंटिमीटर त्रिज्येवर १२५ आरपीएम (मिनिटाला फेरे), बाहेरचा ओढा साधारण १.७५ जी, त्यात पृथ्वीचा १ जी काटकोनात धरला की एकूण २ जी.

ईडीटीए (एन्झाइम बंद पाडणारं रसायन) टाकून सगळ्या ट्यूब एकाच वेळी थांबवा. जेलवर फक्त किती कॉपी झाली ते कळतं, चुकांसाठी सिक्वेन्सिंगच करावं लागतं. आणि गुरुवारी रन लावू नका, दुरुस्तीसाठी लाईट गेली तर इनक्युबेटर थंड पडतो.