२५ मीटर पिस्तूलसाठी कमी धक्क्याची गोळी कशी निवडायची

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची बरीच लेकरं आता १० मीटर एअर पिस्तूलवरून २५ मीटरकडं वळायलीत. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समधी याच प्रकारात गोल्ड आणलं तेव्हापासून पोरींना तर हा प्रकार लई जवळचा वाटायलाय. आणि वळलं की पहिला प्रश्न ठरलेला, पॉइंट टू टूची (.२२ इंच जाडीची) कोणती गोळी घ्यावी, धक्का कशाला कमी बसतो? एअर पिस्तूलला झटका जवळपास नसतोच, त्यामुळं टू टूचा एवढासा रिकॉइलबी (गोळी सुटताना बसणारा धक्का) सुरुवातीला मोठा वाटतो. तर जी गोळी तुमचं पिस्तूल एकदाबी न अडकता चालवते आणि साईट (पिस्तूलवरची नेम धरायची खूण) दरवेळी त्याच जागी परत आणते, अशांतली सगळ्यात मऊ, म्हणजे कमी धक्क्याची, गोळी तुमची. नुसती मऊ घेतली तर मॅचमधी रडायची वेळ येते.

कायद्याचं आधीच सांगतो. गोळ्या शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणं, लायसनवर आणि ठरलेल्या कोट्यातच मिळतात, खेळाडूंना असोसिएशनमार्फत वेगळी सोय असते, ती आपल्या क्लबात विचारून घ्या. खाली सांगितलेली सगळी टेस्टिंग मान्यताप्राप्त रेंजवर, कोच समोर असतानाच करायची.

आता पहिलं काम, तुमचा इव्हेंट कोणता ते बघा, कारण धक्क्याचं महत्त्व प्रत्येक ठिकाणी सारखं नाही. रॅपिड फायरमधी पाच टार्गेटवर पाच गोळ्या ८, ६ आणि ४ सेकंदांत मारायच्या असतात. ४ सेकंदांच्या सिरीजमधी हात खालून वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंतच निम्मा वेळ जातो, म्हणजे उरलेल्या चार गोळ्यांना प्रत्येकी साधारण अर्धा सेकंद, तिथं नळी किती उडते यावरच सगळं आहे. स्टँडर्ड पिस्तूलच्या १० सेकंदांच्या सिरीजलाबी तेच. पण महिलांच्या २५ मीटरमधी ३० गोळ्या प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या) आणि रॅपिडमधी टार्गेट ३ सेकंद दिसतं, एकच गोळी मारायची, मग ७ सेकंद हात खाली. तिथं धक्क्यापेक्षा ग्रुप घट्ट येणं, म्हणजे भोकं जवळजवळ पडणं, जास्त मोलाचं, असं माझं स्पष्ट मत आहे, त्यासाठी मऊ गोळीमागं फार पैसे घालू नका.

दुसरं, खोक्यावरचं वाचायला शिका. टू टू लाँग रायफलच्या मॅच गोळीचं वजन जवळपास सगळीकडं ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमच असतं, त्यामुळं फरक वेगात बघायचा. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, हाय व्हेलॉसिटी ३७० च्या पुढं, आणि खास कमी रिकॉइलच्या पिस्तूल गोळ्या स्टँडर्डच्याबी खाली. ३३० चे ३७० झाले तर हाताला बसणारी ढकल १२ टक्क्यांनी वाढते पण पिस्तूल मागं फेकायची ऊर्जा २५ टक्क्यांच्या आसपास वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणं जाते. म्हणून हाय व्हेलॉसिटीचा विचारच सोडा. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा लांब नळीतून मोजलेला असतो आणि आपल्या स्पर्धेच्या पिस्तूलची नळी १५३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळं प्रत्यक्ष वेग कमीच भरतो, आकडे एकाच कंपनीच्या दोन गोळ्यांत तुलना करायला वापरा. नावंच पाहिजेत तर एलीची पिस्तूल मॅच, एसकेची पिस्तूल मॅच, लापुआची पिस्तूल किंग, आरडब्ल्यूएसची पिस्तूल मॅच या नेहमीच्या, आणि लापुआची ओएसपी, आरडब्ल्यूएसची पिस्तूल मॅच एसआर या खास कमी धक्क्याच्या. दोन-तीन प्रकारांचे थोडे थोडे खोके घ्या, एकदम कोटा संपवू नका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिस्तूल चालतंय का. जो धक्का आपल्याला नकोय त्याच धक्क्यावर पिस्तूलचा बोल्ट (आतला सरकणारा लोखंडी भाग) मागं जातो, रिकामी केस (गोळीचं पितळी कवच) बाहेर फेकतो, पुढची गोळी भरतो. गोळी फार मऊ झाली की बोल्ट पूर्ण मागं जात नाही, केस बाहेर पडायच्या दाराशीच उभी अडकते किंवा पुढची गोळी वर येतच नाही. म्हणून पाच-पाचची भरलेली मॅगझिन, मॅचमधी धरता तसंच एका हातानं धरून, सिरीजमागून सिरीज मारून बघा, मनगट ढिलं असलं तर चांगली गोळीबी जाम होते. काही पिस्तुलांना हलकी स्प्रिंग मिळते, ती आर्मोररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) बदलून घ्या, घरी स्प्रिंग कापायच्या भानगडीत पडू नका.

इथंच आपल्या हवेचा मुद्दा येतो. एप्रिलमधी ४२ अंशांत जी गोळी मस्त चालली तीच डिसेंबरच्या सकाळी परभणीत पारा खाली गेला की अडकू शकते, कारण थंडीत पावडर जरा सुस्त जळते आणि गोळीवरचं मेण घट्ट होतं. नॅशनल बहुतेक वेळा हिवाळ्यात, दिल्ली-भोपाळच्या थंडीत असतात. तर टेस्ट थंड सकाळी घ्या, तिथं पास झालेलीच गोळी खरी.

एक धोका नीट लक्षात ठेवा. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुस्स असा आला किंवा धक्काच जाणवला नाही तर तिथंच थांबायचं, पुढची गोळी मारायची नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागं दुसरी गेली तर नळी फुगते. ट्रिगर दाबला आणि गोळी सुटलीच नाही तर नळी टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांबा, मग रेंज ऑफिसरला बोलवा. मऊ गोळ्यांची सवय झाली की हा बारीक फरक कानाला लवकर कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगायलोय.

मग ग्रुप बघा. हात टेकवून २५ मीटरवर दहा-दहा गोळ्या. प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा असतो, ग्रुप त्याच्या बराच आत बसला पाहिजे. गोळी बदलली की पहिल्या दहा-पंधरा धरू नका, नळीत नवं मेण बसायला तेवढ्या लागतात. आणि साईट परत लावावी लागेल, कारण हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर नळी वर उचललेली असते, म्हणून ती बऱ्याचदा टार्गेटवर जरा वरच लागते. साईटच्या स्क्रूचे किती क्लिक लागले ते वहीत लिहा.

शेवटी वेळेची टेस्ट, ती कोचकडून किंवा जोडीदाराकडून मॅगझिन भरून घेऊन करा, कोणती गोळी आहे ते तुम्हाला माहीत नसलं पाहिजे. खोक्यावर महागडं नाव दिसलं की मनाला आपोआप धक्का कमी वाटतो. बाजूनं मोबाईलवर स्लो मोशनमधी व्हिडिओ काढा आणि नळी किती उडाली यापेक्षा ती दरवेळी त्याच जागी खाली आली का ते बघा. थोडी जास्त उडून सरळ परत येणारी गोळी मी कधीबी आधी घेईन.

सेंटर फायर, म्हणजे जास्त जाड गोळीचा इव्हेंट खेळणाऱ्यांचं थोडक्यात, पॉइंट थर्टी टू एस अँड डब्ल्यू लाँगची वॉडकटर घ्या, साधारण ९८-१०० ग्रेनची. चपट्या तोंडामुळं कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, लाईनचा पॉइंट वादात जात नाही.

गोळी ठरली की खोक्यावरचा लॉट नंबर (गोळ्या कोणत्या खेपेत बनल्या तो नंबर) लिहून घ्या आणि मॅचपुरत्या गोळ्या त्याच लॉटच्या बाजूला काढा, दुसरा लॉट आला की ग्रुपची टेस्ट परत. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत खोका ठेवू नका, मेण वितळून केसवर येतं. घरात कुलूपबंद, सावलीच्या थंड जागी, मूळ खोक्यातच ठेवा, आणि रेंजवरून आल्यावर काही खायच्या आधी हात साबणानं धुवा, शिसं असतं त्यात.